भाकरीच्या घरी

नाताळच्या विशेष पानासाठी काही लिहावे, असे संपादक महाशयांनी सुचविले तेव्हा प्रथम आम्हांस संकोच वाटला. ज्याचा जन्म हरिकथेच्या उंबरठ्यावर गेला, ज्याने खांद्यावर उपरणे आणि हाती चिपळ्या याखेरीज दुसरे वैभव जाणले नाही, त्याने बेथलेहेमच्या बालकाविषयी काय सांगावे? परंतु मागे वळून पाहताना डिसेंबर २०२३ मधील एक शनिवार आणि एक रविवार डोळ्यांपुढे उभे राहिले आणि संकोच मावळला. त्या दोन दिवसांत आम्ही एका ख्रिस्ती पाळकासमवेत त्यांच्या गावी गेलो होतो. जे पाहिले ते सांगण्यास त्या घरातील मंडळींनी आनंदाने अनुमती दिली आहे. नावे मात्र सांगू नयेत, एवढीच त्यांची अट. आणि नावावाचून कथेचे काही उणे होत नाही.

पाळकांचे माहेर

हे पाळक आमचे जुने स्नेही. वीसेक वर्षांपूर्वी ते नेवाशास आमच्या ओसरीवर आले ते कीर्तनाची मांडणी शिकण्याच्या हेतूने. पूर्वरंगात सिद्धान्त कसा मांडावा, उत्तररंगात आख्यान कसे लावावे, साकी कोठे आणि दिंडी कोठे शोभते, हे सारे त्यांनी विद्यार्थ्याच्या विनयाने टिपून घेतले. मोबदल्यात त्यांनी आम्हांस हिब्रू वर्णमाला शिकविली. वयाने ते आमच्याहून दहा-बारा वर्षांनी लहान. परंतु त्यांच्या पदाचा मान राखून आम्ही त्यांना पाळकसाहेब म्हणतो आणि ते आम्हांस बुवा म्हणतात.

वाचकांस ठाऊक असेलच की, इतरेजनांचा विसाव्याचा रविवार हा पाळकांचा कामाचा दिवस. शनिवारी प्रवचनाची तयारी, आजाऱ्यांच्या भेटी, गायनवृंदाची तालीम. रविवारी सकाळी उपासना, दुपारी शब्बाथशाळा, संध्याकाळी कोणाच्या तरी घरची प्रार्थना. आणि नाताळ तर त्यांच्या वर्षातील सर्वांत मोठ्या धावपळीचा काळ. म्हणून हे पाळकसाहेब गेली कित्येक वर्षे नाताळच्या दिवशी आपल्या आईजवळ नव्हते. आम्हांस याचे नवल वाटले नाही. रामनवमीला आणि गोकुळाष्टमीला आम्ही तरी आमच्या घरी कधी होतो? ज्याने लोकांचा सण साजरा करून द्यायचा, त्याच्या घरचा सण मागेपुढे होणारच. पाळकसाहेबांच्या आईने यावर आपल्यापुरता तोडगा काढला होता. नाताळच्या आधी ज्या रविवारी मुलगा येईल, तो तिचा नाताळ.

त्या वर्षी तो रविवार १७ डिसेंबरला आला. ख्रिस्ती मंडळी नाताळपूर्वीचे चार रविवार आगमनाचे म्हणून पाळतात. त्यांतील हा तिसरा. एका सहकाऱ्याने शहरातील उपासनेचा भार उचलला आणि पाळकसाहेबांना दीड दिवसाची मोकळीक मिळाली. मोकळीक म्हणावी तर तीही अपुरी. गावच्या लहान मंडळीला स्वतंत्र पाळक नाही. चार-पाच गावे मिळून एकच पाळक येतो. तेव्हा घरचा मुलगा येतो आहे तर त्यानेच उपासना चालवावी आणि प्रभुभोजनाचा विधी करावा, असा पंचांनी निरोप धाडला होता.

खंडोबाच्या षड्रात्रोत्सवातील आमची सेवा आटोपली होती आणि दत्तजयंतीच्या सप्ताहास अवकाश होता. "बुवा, आईला तुम्हाला भेटायचं आहे. चला माझ्याबरोबर," असा पाळकसाहेबांचा दूरध्वनी आला आणि शनिवारी दुपारी नेवासा फाट्यावर आम्ही त्यांच्या एस.टी.ची वाट पाहत उभे राहिलो.

नगरच्या मातीतील ओवी

या परगण्यात असे सोबतीने चालणे नवे नाही. ज्या नेवाशात शके १२१२ मध्ये, म्हणजे इसवी सन १२९० मध्ये, ज्ञानेश्वरीची रचना झाली आणि जेथील पैस खांबाला आजही लोक डोके टेकवितात, त्याच नेवासे तालुक्यात वडाळा बहिरोबा येथे अमेरिकन मराठी मिशनचे जुने केंद्र आहे. या मिशनने नगर येथे १८३१ मध्ये काम आरंभिले. पुढे या मंडळ्या उत्तर भारतातील अन्य मंडळ्यांबरोबर २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरास एकत्र आल्या आणि चर्च ऑफ नॉर्थ इंडिया या नावाने ओळखल्या जाऊ लागल्या.

परक्या देशातून आलेल्या या उपदेशकांना येथील माणसाच्या कानाची ओढ लवकरच कळली. गद्य व्याख्यान तो ऐकून घेतो. परंतु टाळमृदंगाच्या साथीने आलेली कथा तो घरी घेऊन जातो. म्हणून एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात नगर जिल्ह्यात ख्रिस्ती कीर्तन उभे राहिले. याच भागात राहुरीला काही काळ राहिलेले रेव्हरंड नारायण वामन टिळक यांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला. परंतु त्यांनी अभंगाची आणि ओवीची कास सोडली नाही. त्यांनी आरंभिलेले ख्रिस्तायन पुढे त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांनी नेले. आणि त्याहीपूर्वी, १५७९ मध्ये गोव्यास आलेल्या फादर थॉमस स्टीफन्स यांचे सुमारे अकरा हजार ओव्यांचे ख्रिस्तपुराण १६१६ मध्ये रायतूर येथे छापले गेले होते. तात्पर्य, बेथलेहेमची कथा या भूमीत येऊन ओवी ल्याली, त्याला चार शतके उलटली.

एस.टी.त शेजारी बसल्यावर पाळकसाहेब नेहमीप्रमाणे बोलके नव्हते. रस्त्याच्या दुतर्फा ऊसतोड चालली होती. गाड्या कारखान्याच्या दिशेने डुलत जात होत्या. मुळेच्या कालव्याने हिरव्या झालेल्या त्या शिवाराकडे पाहत ते बराच वेळ गप्प राहिले आणि मग म्हणाले, "बुवा, उद्या माझ्या हाताने भाकर मोडायची आहे. पण दादा आणि मी चार वर्षं बोललेलो नाही."

सातबाऱ्यावरील नावे

हकीकत थोडक्यात अशी. वडील चार वर्षांपूर्वी निवर्तले. मृत्युपत्र नव्हते. भारतातील ख्रिस्ती कुटुंबांस १९२५ चा भारतीय वारसा कायदा लागू होतो आणि त्यानुसार मृत्युपत्र नसेल तर पत्नीस एक तृतीयांश आणि उरलेला भाग मुलगे व मुली यांना समान, अशी वाटणी ठरते. घरी जमीन साडेतीन एकर. थोरल्या भावाने ती उभा जन्म कसली. आईवडिलांचे दुखणेखुपणेही त्यानेच काढले. त्याचे म्हणणे असे की, धाकटा शहरात पगार घेतो, बहीण दिल्या घरी आहे, तर दोघांनी हक्कसोड करून द्यावी. बहीण मात्र अकाली विधवा झालेली, दोन मुले पदरी. पाळकसाहेबांनी तिची बाजू घेतली आणि तिचा वाटा ठरेपर्यंत आपणही सही करणार नाही, असे सांगितले. शब्दाने शब्द वाढला. वडिलांच्या दफनानंतर महिना उलटला नव्हता तोच ओट्यावर, सोयऱ्यांच्या देखत, दोन भावांत जे बोलू नये ते बोलले गेले.

आम्ही कीर्तनात भरतभेट सांगतो तेव्हा श्रोत्यांचे डोळे पाणावतात. एक भाऊ राज्य टाकून निघतो आणि दुसरा ते राज्य त्याच्या पायी परत आणून ठेवतो. त्याच जिभेने आम्ही कौरवांचा हट्टही सांगतो, सुईच्या टोकावर राहील एवढी मातीही न देणारा. श्रोते पहिल्या आख्यानाला रडतात आणि घरी जाऊन दुसरे जगतात. दोष श्रोत्यांचाच असतो असेही नाही, सांगणाराचाही असतो. एस.टी.च्या खिडकीशी बसलेल्या त्या उपदेशकाकडे पाहून आम्हांस हे फार तीव्रतेने जाणवले.

"बहिणीचा वाटा मागितला यात तुमचे काय चुकले?" आम्ही विचारले.

"तिचा मागितला यात नाही चुकलं," ते म्हणाले. "माझा अडवून ठेवला तो मात्र रागापोटी. मला ती जमीन नको आहे, बुवा. तिच्या नावाआड मी माझा राग लपवला."

चुलीपुढील न्याय

घरी पोहोचलो तेव्हा दिवेलागण झाली होती. दाराशी कागदी चांदणी टांगली होती. आत दिवा लावला होता. ऐंशी ओलांडलेली आई उंबऱ्यातच बसली होती. मुलाने वाकून पाया पडून घेतले. तिने त्याच्या तोंडावरून हात फिरवून कानशिलांवर बोटे मोडली. आम्हांस "या बुवा, सलाम" असे म्हणून तिने घोंगडी अंथरावयास लावली. डब्यात करंज्या आणि शेव तयार होती. डोळ्यांना नीट दिसत नसताना तिने करंज्यांच्या कडा हाताच्या सरावाने मुडपल्या होत्या.

ताटे वाढली. थोरल्या भावाची पत्नी वाढत होती. मुले भोवती बसली होती. थोरला भाऊ मात्र नव्हता. "शेतात गेलेत, गव्हाला पाणी आहे," असे तिने खाली मान घालून सांगितले. ते खोटे नव्हते. शेतीपंपाची वीज त्या आठवड्यात रात्रीच्या पाळीची होती. परंतु भाकरी फडक्यात बांधून तो तिन्हीसांजेलाच निघून गेला होता, हेही खरे.

पाळकसाहेबांनी जेवणापूर्वीची प्रार्थना केली. आई डोळे मिटून ऐकत होती. प्रार्थना संपली आणि ती शांतपणे म्हणाली, "लेकरा, उद्या तू देवळात समद्या गावाला भाकर मोडून देशील. पर ह्या घरात दोघा भावांनी एक भाकर मोडून चार वर्सं झाली. मला डोळ्यानं दिसत नाही, पण एवढं दिसतं."

इतक्या वर्षांत आम्ही अनेक शास्त्रार्थ ऐकले; परंतु इतक्या थोड्या शब्दांत इतका मोठा निवाडा ऐकल्याचे स्मरत नाही. शुभवर्तमानात येशूंनी सांगितलेली गोष्ट नेमकी हीच आहे. वेदीपाशी अर्पण घेऊन आलास आणि तेथे आठवले की भावाच्या मनात तुझ्याविषयी काही आहे, तर अर्पण तेथेच ठेव, आधी भावाकडे जा, मग येऊन अर्पण कर, असा तिचा आशय. लक्षात घेण्याजोगे हे की, तेथे दोष कोणाचा हे पाहावयास सांगितलेले नाही. आधी निघावे कोणी, एवढेच सांगितले आहे.

पाळकसाहेबांनी ताटावरून हात मागे घेतला. फडताळातील विजेरी उचलली आणि ते उठले. आम्हीही काठी घेऊन पाठोपाठ निघालो.

दारे धरणारा पाळक

मार्गशीर्ष शुद्ध चतुर्थीची कोर मावळली होती. बांधावरून चालताना थंडी बोटांना चावत होती. दूर एक शेकोटी दिसत होती आणि पाण्याचा आवाज येत होता. थोरला भाऊ गुडघाभर चिखलात उभा राहून दारे धरीत होता. ज्यांनी शेती पाहिली नाही अशा वाचकांसाठी सांगितले पाहिजे की, पाटाचे पाणी एका वाफ्यात भरले की त्याचे तोंड मातीने बुजवावयाचे आणि पुढच्या वाफ्याचे उघडावयाचे, यास दारे धरणे म्हणतात. क्षणभर दुर्लक्ष झाले तर वाफा फुटतो आणि पाणी वाया जाते. रात्रीच्या पाळीत माणूस यातच पहाट करतो.

आम्ही शेकोटीपाशी बसलो. पाळकसाहेबांनी पायजमा गुडघ्यापर्यंत दुमडला, वहाणा बांधावर काढून ठेवल्या आणि काही न बोलता वाफ्यात उतरले. थोरल्याने वळून पाहिले. धाकट्याने फावड्यासाठी हात पुढे केला. बराच वेळ तो हात तसाच राहिला. मग थोरल्याने फावडे दिले आणि तो शेकोटीपाशी येऊन आमच्या शेजारी बसला.

सुमारे तासभर कोणी काही बोलले नाही. चार वर्षांत हाताची सवय गेलेली. दोनदा वाफा फुटला. दुसऱ्या वेळी थोरला न राहवून ओरडला, "आरं, खालून बुजव, खालून!" भावाने भावाला उद्देशून उच्चारलेला तो चार वर्षांतील पहिला शब्द होता.

त्यानंतरचे बोलणे आम्ही सगळे ऐकले नाही आणि जे ऐकले ते सगळे लिहिणार नाही. धाकटा वाफ्यात उभा राहून बोलत होता, थोरला शेकोटीत काटक्या सारीत ऐकत होता. "दादा, माझ्या वाट्याची सही मी करून देतो. तो मी रागानं अडवला होता. ओट्यावर सोयऱ्यांपुढं बोललो त्याची माफी मागतो. पण ताईचा वाटा तिचा आहे. तो तिनं द्यायचा की ठेवायचा ते तिला विचारू. माझ्या सहीनं तिचा जाऊ देणार नाही." असा त्याच्या बोलण्याचा सारांश. थोरल्याने उत्तर दिले नाही. तो उठला, फडक्यातील उरलेली भाकरी काढली, शेकोटीवर शेकली आणि तिचे तीन तुकडे केले. एक आम्हांस दिला, एक स्वतः घेतला आणि तिसरा बांधावर वहाणांशेजारी ठेवला.

तो तुकडा धाकट्याने कधी उचलला ते अंधारात आम्हांस दिसले नाही. पहाटे उठलो तेव्हा तेथे नव्हता.

शेवटचे बाक

सकाळी नऊ वाजता देवळाची घंटा झाली. चर्च हा शब्द तेथे कानी पडतो तो पाहुण्यांच्या तोंडून. गावची मंडळी देऊळच म्हणतात. पांढऱ्या चुन्याच्या भिंती, समोर साधा क्रूस, झेंडूच्या माळा, पेटीवर एक तरुण मुलगी आणि ढोलकीवर तिचा भाऊ. स्त्रियांनी डोक्यावरून पदर घेतलेले. आम्ही बाहेर वहाणा काढून शेवटच्या बाकावर बसलो. उपासना सुरू झाल्यावर थोरला भाऊ आला आणि टोपी हाती घेऊन आमच्याच शेजारी टेकला.

पाळकसाहेबांनी प्रवचनास लूककृत शुभवर्तमानातील जन्मकथा घेतली होती. बादशहा ऑगस्टस याने नावनिशी लिहिण्याचे फर्मान काढले म्हणून प्रत्येकास आपापल्या मूळ गावी जावे लागले. योसेफ हा दाविदाच्या कुळातील, म्हणून गरोदर मरियेला घेऊन तो नासरेथाहून बेथलेहेमास गेला. शंभराहून अधिक किलोमीटरची ती वाट. "म्हणजे नाताळची गोष्ट मुळात घरी परत जाण्याची गोष्ट आहे," पाळकसाहेब म्हणाले, "आणि घरी गेलेल्याला घरात जागा मिळाली नाही, अशीही ती गोष्ट आहे." बेथलेहेम या हिब्रू नावाचा अर्थ भाकरीचे घर. त्या भाकरीच्या घरी जे बाळ जन्मले, त्याला निजवावयास मिळाली ती गुरांची गव्हाण. शिवारातल्या माणसांना गव्हाण समजावून सांगावी लागत नाही. बाकांवरून मान हलली.

मग त्यांनी त्याच बेथलेहेमची आणखी जुनी कथा सांगितली. रूथ नावाची परदेशी विधवा आपल्या विधवा सासूबरोबर तेथे आली आणि कापणीच्या शेतात मागे पडलेली कणसे वेचून दोघींचे पोट भरू लागली. सासूच्या नवऱ्याची जमीन सोडविण्याचा हक्क एका जवळच्या नातलगाचा होता. जमीन घ्यावयास तो सिद्ध होता. परंतु जमिनीबरोबर विधवेची जबाबदारी येते असे कळताच त्याने हात झटकले. बवाज नावाच्या दुसऱ्या नातलगाने दोन्ही पत्करली. त्या रूथचा पणतू दावीद राजा आणि त्याच दाविदाच्या गावी पुढे ख्रिस्तजन्म. "ज्या शेतात विधवेचा वाटा राखला गेला, त्या गावाला देवानं निवडलं," एवढे म्हणून ते थांबले. आणि मग आवाज खाली आणून म्हणाले, "हे मी तुम्हाला सांगत नाही. मला सांगतो आहे. माझ्या मनात माझ्या घरच्यांविषयी चार वर्षं राग होता आणि मी ठिकठिकाणी प्रेमावर बोलत होतो. मंडळींनी मला क्षमा करावी."

पिकते तेथे विकत नाही, असे आपल्याकडे म्हणतात. येशूंनाही आपल्या गावी, नासरेथात, हाच अनुभव आला होता. ज्याला लंगोटीत पाहिले त्याचा उपदेश गाव सहसा मनावर घेत नाही. परंतु त्या दिवशी गावाने ऐकले. गावाला पोराचे पांडित्य नको होते. त्याची कबुली हवी होती.

प्रभुभोजनाची वेळ झाली. भाकर मोडली गेली, प्याला उचलला गेला आणि मंडळी रांगेने पुढे जाऊ लागली. आईला नातवाने हाताला धरून नेले. हळूहळू सारी बाके रिकामी झाली आणि शेवटच्या बाकावर आम्ही दोघेच राहिलो. आमचा बाप्तिस्मा झालेला नाही. त्या विधीत भाग घेणे आम्हांस उचित नव्हते. परंतु थोरला भाऊही उठला नाही. आमच्याकडे न पाहता तो हलक्या आवाजात म्हणाला, "बुवा, तुम्हाला मुभा नाही म्हणून तुम्ही बसलाय. मला मुभा हाय तरी बसलोय. रात्री त्यानं मोकळं केलं. माझं अजून मोकळं व्हायचंय. खोटं तोंड घेऊन पुढं जायला नको."

पौलाच्या पत्रात सांगितले आहे की, मनुष्याने आधी स्वतःची परीक्षा करावी आणि मग ती भाकर खावी. पंगतीला बसण्याची घाई करणारे आम्ही पुष्कळ पाहिले. स्वतःची परीक्षा करून पंगतीबाहेर थांबलेला हा एकच पाहिला. देवाच्या ताटाचा मान त्याने राखला तसा फार थोडे राखतात. आणि पाळकसाहेबांनीही शेवटच्या बाकाकडे एकदाही नजर टाकली नाही. बोलावणे झाले होते. ओढणे त्यांनी केले नाही.

परतीची एस.टी.

दुपारी जेवणे झाली. या वेळी सात ताटे एका ओळीत होती. फारसे कोणी बोलले नाही, तरी आईने भाकरी हातात घेऊन तिचे दोन भाग केले आणि दोन मुलांच्या ताटांत टाकले. पाळकसाहेबांना संध्याकाळच्या आत शहरात पोहोचावयाचे होते. रात्री गायनवृंदाची तालीम होती.

थांब्यावर थोरला भाऊ डोक्यावर बोचके घेऊन आला. आत बाजरी, थोडे तीळ आणि आईच्या करंज्यांचा डबा. एस.टी. आली. बोचके वर चढवून देताना तो म्हणाला, "नाताळ आटपला की ये. येताना ताईला आण. तिच्या तोंडून ऐकू दे मला." पाळकसाहेबांनी मान हलविली. गाडी सुटली. नेवासा फाटा येईपर्यंत ते खिडकीबाहेर पाहत होते, परंतु आता ते पाहणे वेगळे होते.

पुढे काय झाले, असे वाचक विचारतील. फेब्रुवारी २०२४ मध्ये तिघे भावंडे एकत्र बसली. पाळकसाहेबांनी आपल्या वाट्याची हक्कसोड थोरल्यास करून दिली. बहिणीने आपला वाटा राखला; कसण्यास भावाकडेच ठेवला आणि दरसाल धान्य घेण्याचे ठरले. थोरल्याला ते मनापासून रुचले असे म्हणता येणार नाही. परंतु सही केली आणि सही करताना तो रडला, असे बहीण सांगते. पुढच्या आगमनकाळातील रविवारी, म्हणजे डिसेंबर २०२४ मध्ये, तो शेवटच्या बाकावरून उठून पुढे गेला. आम्ही त्या दिवशी अन्यत्र सेवेस होतो, पाळकसाहेबांनी रात्री दूरध्वनी करून एवढेच सांगितले, "बुवा, दादा आला."

असो. तेव्हापासून भरतभेट सांगताना आमच्याकडून एक बदल झाला आहे. पूर्वी आम्ही भरताच्या त्यागावर आवाज चढवीत असू. आता त्या रात्रीच्या वाफ्यातले फावडे डोळ्यांपुढे येते आणि आम्ही सावकाश सांगतो की, भरत आधी निघाला. पादुका नंतरच्या. ज्याला भावाकडे जावयाचे असते त्याने निघावे लागते, आणि ती वाट बहुधा रात्रीची व चिखलाची असते.

या सप्ताहात घरोघरी चांदण्या लागतील, करंज्यांचे डबे भरतील आणि एस.टी.च्या गाड्या गावाकडे निघतील. ज्यांचे ज्यांचे कोणी गावी वाट पाहत आहे, त्या सर्वांना आमचा नमस्कार आणि त्या माउलीच्या शब्दात सलाम. भाकरीच्या घरी जाताना उंबऱ्याशी क्षणभर थांबावे आणि आत कोणते ताट रिकामे आहे, एवढे पाहून घ्यावे.